बिनपिठाचे बदामी बिस्कीट



पेसाख महिन्यावर आला की गृहिणींचे लक्ष फडताळांकडे वळते आणि मुलांचे बिस्किटांच्या डब्याकडे. आठ दिवस नानकटाई नाही, खारी नाही, टोस्ट नाही, बटर नाही. या देशात आल्यावर मुलांच्या जिभेवर बसलेली ओटची अँझॅक बिस्किटेही नाहीत. सेदेरच्या मेजावर खजुराचा शिरा असतो. परंतु तो विधीचा पदार्थ, चहाबरोबर तोंडात टाकण्याचा नव्हे. बाहेरून येणारी पेसाखची डबाबंद बिस्किटे महाग असतात आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, बेचव असतात. म्हणून या वेळी आम्ही अशा एका बिस्किटाविषयी लिहावयाचे योजिले आहे की ज्यात पीठ नाही, खमीर नाही, दूध-लोणी नाही, आणि जे इटलीतील यहुदी घरांतून पिढ्यान् पिढ्या पेसाखला भाजले जात आले आहे.

माउंट वेलिंग्टनच्या आसपासच्या कॉफीगृहांतून काचेच्या बरण्यांत उभी रचलेली, तिरपी कापलेली लांबट बिस्किटे आपण पाहिलीच असतील. दुकानदार त्यांस बिस्कोत्ती म्हणतो. ती मात्र आजची आपली बिस्किटे नव्हेत. इटलीच्या बदामी बिस्किटांची दोन घराणी आहेत. एक पिठाचे व दुसरे बिनपिठाचे. पेसाखच्या उंबरठ्यावर या दोहोंतला भेद न कळला तर घोटाळा व्हावयाचा, म्हणून आधी पिठाच्या घराण्याची ओळख करून घेऊ.

‘बिस्कीट’ या शब्दाचा अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. लॅटिन भाषेत ‘बिस’ म्हणजे दोनदा व ‘कोक्तुस’ म्हणजे शिजविलेले. इटालियन भाषेत त्याचे ‘बिस्कोत्तो’ झाले. दोनदा भाजण्यामागे चैन नव्हती, गरज होती. एकदा भाजलेल्या पावात ओल राहते, त्यास बुरशी धरते. कापून पुन्हा भाजला की तो महिनोन् महिने टिकतो. जहाजावरील खलाशांची शिदोरी ती हीच. आपल्या मुंबई-पुण्याच्या बेकरीतला टोस्ट याच कुळातला. पाव भाजावा, त्याचे काप करावेत, काप पुन्हा भट्टीत घालावेत. चहात बुडविल्यावाचून दाताला दाद न देणारा तो टोस्ट आठवला म्हणजे इटलीचे ‘कांतुच्ची’ निराळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

कांतुच्ची हे तोस्काना प्रांताचे, विशेषतः फ्लॉरेन्सजवळील प्रातो या गावाचे. फ्लॉरेन्सच्या आकादेमिया देल्ला क्रुस्का या भाषामंडळाने आपल्या शब्दकोशाच्या १६९१ च्या आवृत्तीत या शब्दाची व्याख्या दिली आहे. बारीक पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग यांचे कापून केलेले बिस्कीट, असा तिचा आशय आहे. त्या व्याख्येत बदामाचा उल्लेखच नाही! आज ज्याच्यावाचून हे बिस्कीट कल्पिताही येत नाही, तो बदाम त्या व्याख्येच्या बाहेरच राहिला. १८५८ साली अंतोनियो मात्तेई यांनी प्रातो येथे आपली बेकरी काढली, आणि पीठ, साखर, अंडी, अख्खे सालीसकट बदाम व चिलगोज्याच्या जातीचे पाइनचे दाणे घातलेले त्यांचे बिस्कीट पुढे त्या गावाची ओळख ठरले. ती बेकरी निळ्या वेष्टनातली आपली बिस्किटे अजूनही विकते.

या जुन्या कृतीत लोणीही नाही आणि तेलही नाही. आपल्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. मटणाच्या जेवणानंतर दुधा-लोण्याचे काही खावयाचे नाही, हा नियम पाळणाऱ्या घरात नारळाच्या दुधाने जे काम शतकानुशतके केले, तेच काम हे बिस्कीट करते. ते जेवणानंतर निःशंकपणे पुढे करता येते. हल्ली पुष्कळ ठिकाणी यात लोणी घालतात, त्यामुळे विकत घेताना वेष्टनावरील मजकूर वाचावा. पूर्व युरोपातील अश्कनाझी लोकांचे ‘मांडेलब्रोट’, म्हणजे बदामाची भाकर, हे कांतुच्चींचे जुळे भावंड शोभावे असे आहे. त्यात ते तेल घालतात, कारण तेच, जेवणात मांस असते.

तोस्कानात हे बिस्कीट ‘व्हिन सान्तो’ नावाच्या गोड द्राक्षासवात बुडवून खातात. हा आसव ताज्या द्राक्षांचा नसतो. द्राक्षांचे घोस टांगून किंवा चटईवर पसरून सुकवितात आणि मग त्यांचा रस काढतात. हे वाचताना आम्हांस कोकणातील आपल्या किद्दुशाच्या शरबताची आठवण झाली. कोशेर द्राक्षारस मिळत नसे, तेव्हा काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून आपले आजे-पणजे त्यावर बेराखा म्हणत. सुकल्या द्राक्षांत पुन्हा पाणी आणणे ही युक्ती त्या गरिबीतून आली होती. पेसाख आटोपल्यावर एखाद्या शब्बाथला मनुकांच्या शरबतात कांतुच्ची बुडवून पाहावी. आम्ही पाहिली आहे, व ती चहापेक्षा सरस लागते.

आता बिनपिठाच्या घराण्याकडे वळू. याचे नाव ‘आमारेत्ती’. ‘आमारो’ म्हणजे कडू. तेव्हा आमारेत्ती म्हणजे ‘कडसर’. गोड पदार्थास हे नाव पडले ते त्यातल्या कडू बदामामुळे. बदामाची वाटलेली पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग, एवढ्या तीनच जिनसांत हे बिस्कीट होते. त्यात थोडे कडू बदाम मिसळीत, आणि त्यांनीच तो विशिष्ट वास येई. लोम्बार्दी प्रांतातल्या सारोन्नो गावची आमारेत्ती कडक व खुसखुशीत, तर लिगुरिया प्रांतातील सासेल्लोची मऊ. सारोन्नोकर एक गोष्ट सांगतात. १७१८ साली मिलानचे मोठे धर्माधिकारी अचानक गावी आले, आणि एका तरुण जोडप्याने घरात होते तेवढ्यावर ही बिस्किटे करून त्यांचे स्वागत केले, असे त्या गोष्टीत आहे. ही व्यापाऱ्यांच्या वेष्टनांवर शोभणारी दंतकथा आहे. तिला इतिहास समजू नये. वाटलेला बदाम व साखर यांची मिठाई त्याहून पुष्कळ जुनी. सिसिली बेटावर अरबांचा अंमल असताना तेथे उसाची लागवड झाली, आणि तेथून बदाम-साखरेच्या मिठाया उत्तरेकडे पसरल्या.

त्याच सिसिलीत यहुद्यांची मोठी वस्ती होती. स्पेनच्या राजाराणीची १४९२ ची हद्दपारीची आज्ञा सिसिलीलाही लागू झाली, कारण बेट त्यांच्याच सत्तेखाली होते. पुढे १५४१ मध्ये नेपल्सच्या राज्यातूनही यहुदी निघाले. या निर्वासितांपैकी पुष्कळांनी रोम व उत्तर इटलीची वाट धरली. त्यांच्या बोचक्यांत बदामाच्या मिठाईची कृतीही होती, असे खाद्येतिहासाचे अभ्यासक मानतात. याला कागदोपत्री पुरावा मागू नये, कारण स्वयंपाकाची कृती सरहद्दीवरच्या शिपायाला दिसत नाही. आज मात्र रोमच्या जुन्या यहुदी मोहल्ल्यात बदाम घातलेली बिस्किटे मिळतात आणि व्हेनिसच्या यहुद्यांत बदामाचे सारण भरलेली ‘इम्पादे’ होतात. तोस्कानातल्या पितिल्यानो गावची ‘स्फ्रात्तो’ ही मिठाई अक्रोड व मधाची, परंतु तिची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सतराव्या शतकात यहुद्यांना घरे सोडून घेटोत जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा शिपाई दारांवर काठ्या ठोकीत आले, असे तेथे सांगतात. यहुदी स्त्रियांनी त्या काठीच्याच आकाराची मिठाई केली आणि तिला नाव दिले ‘स्फ्रात्तो’, म्हणजे ‘घराबाहेर काढणे’.

रोमचे यहुदी हे आपल्यासारखेच जुने. द्वितीय मंदिराच्या काळापासून ते तेथे आहेत. ते स्वतःस अश्कनाझी म्हणवीत नाहीत आणि सेफार्दीही म्हणवीत नाहीत. प्रार्थनेच्या त्यांच्या जुन्या रिवाजाचे नाव ‘बेने रोमा’. बेने इस्राएलांना या नावात आपुलकी वाटावी. बाहेरच्यांना अशा समाजांचे अन्न चटकन ओळखू येत नाही. पेल्लेग्रीनो आर्तूसी यांनी १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने छापलेल्या इटालियन पाकशास्त्राच्या ग्रंथात आमारेत्तीची कृती आहे, आणि त्याच ग्रंथात असेही नमूद आहे की, चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत, कारण ते यहुद्यांचे हलके खाणे समजले जाई. हे वाचून आम्हांस हसू आले. भरल्या वांग्यांवर ज्यांचे पिंड पोसले गेले त्यांनी यावर काय बोलावे!

बदाम आपल्या धर्मग्रंथांनाही परका नाही. दुष्काळात याकोबाने मिसर देशच्या अधिकाऱ्यासाठी जी भेट पाठविली तीत बदाम होते. अहरोनाच्या काठीला एका रात्रीत कळ्या, फुले आणि पिकलेले बदाम आले. यिर्मया संदेष्ट्याला दृष्टांतात बदामाची डहाळी दिसते, तेथे हिब्रू भाषेतला श्लेष आहे. ‘शाकेद’ म्हणजे बदाम आणि ‘शोकेद’ म्हणजे जागा राहून लक्ष ठेवणारा. आमच्यातल्या शिक्षकाला हा धडा सोडवत नाही. इस्राएलात हिवाळा सरता सरता सर्वांआधी जागे होणारे झाड ते हेच. तु बिश्वातच्या सुमारास ते पांढऱ्या फुलांनी भरते. एलियाहू हन्नबीच्या मलिद्यात पोहे आणि ओल्या खोबऱ्याबरोबर बदामाचे काप आपण घालतोच. येथे मात्र ऋतू उलटे. तु बिश्वात भर उन्हाळ्यात, पेसाख पानगळीत, आणि बदामाला फुले ऑगस्टच्या थंडीत. वसंताच्या सणाला बाहेर पाने पिवळी होताना पाहणे आमच्या अजून अंगवळणी पडलेले नाही.

बदाम जेथे महाग, तेथे लोकांनी काजू घेतला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात काजूचे झाड ब्राझीलमधून गोव्यात आणले. आज गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळला होणारी मार्झिपान ही मिठाई बहुधा बदामाऐवजी काजूचीच असते. तमिळनाडूतील थूथुकुडी बंदराचे मॅकरून तर आमारेत्तीचे सख्खे नातलग. काजू, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग, बस. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की, या पदार्थाचा प्राण बदामात नसून कृतीत आहे, आणि म्हणून कोकणी हाताने त्यात सुके खोबरे मिसळले तर तो बाटत नाही.

आता कृती. दोनशे ग्रॅम बदाम घ्यावेत. उकळते पाणी ओतून दोनएक मिनिटे ठेवावेत आणि चिमटीने साले काढावीत. मग ते पुसून, पसरून, कोमट ओव्हनमध्ये पूर्ण कोरडे करून गार होऊ द्यावेत. येथे पुष्कळांची घाई होते. ओला अथवा गरम बदाम मिक्सरमध्ये घातला की पुडीऐवजी लगदा होतो. बी रगडली म्हणजे तेल सुटते, हे शनवार तेल्यांच्या वंशजांस सांगावे लागू नये! ते सुटू नये म्हणून एकशेऐंशी ग्रॅम साखरेपैकी निम्मी बदामांबरोबरच घालावी आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा. साखर तेल शोषून घेते व पूड मोकळी राहते. दोन अंड्यांचा पांढरा भाग वेगळा करावा. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना, हे पाहण्याची आपली चाल येथेही पाळावी. पांढरा भाग चिमूटभर मिठासह फेसाळ होईतो फेटून उरलेली साखर थोडी थोडी घालावी, मग बदामाची पूड व एका लिंबाची किसलेली साल हलक्या हाताने मिसळावी. गोळा चिकट असला पाहिजे. फार सैल वाटला तर दोन चमचे बदामपूड किंवा बारीक सुके खोबरे घालावे. ओल्या हातांनी सुपारीएवढ्या गोळ्या वळाव्यात, साखरेत घोळाव्यात, कागद अंथरलेल्या ट्रेवर अंतर ठेवून मांडाव्यात आणि तास-दीड तास तशाच राहू द्याव्यात. वरचा पापुद्रा वाळला की भाजताना त्याला त्या ओळखीच्या भेगा पडतात. १६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. कडा बदामी झाल्या की काढावे, मध्य मऊच असतो, गार झाल्यावर तो जमतो. गरम असता उचलू नये.

कडू बदाम वापरावे काय, असे कोणी विचारील. वापरू नयेत. कडू बदामात अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते. तो कुटून ओला केला की त्या द्रव्यापासून सुगंध देणारे बेन्झाल्डिहाइड तर निघतेच, पण हायड्रोजन सायनाइड हे जालीम विषही निघते. भाजताना ते बरेचसे उडून जाते. तथापि घरच्या स्वयंपाकघरात हा हिशेब करीत बसू नये, आणि मुले असलेल्या घरात तर मुळीच नाही. इटलीत यासाठी जर्दाळूच्या बियांतला गरही वापरतात. लहानपणी सुक्या जर्दाळूतली बी दगडाने फोडून आतला गोड गर आपण खात असू. परंतु सर्व जर्दाळूंचे गर गोड नसतात, काही जातींचे कडू व तितकेच विषारी असतात. बदामाच्या अर्काचे दोन थेंब वर्षभर चालतील. पेसाखला त्या अर्कातील मद्यार्क धान्याचा आहे किंवा कसे याची खात्री नसल्यास लिंबाच्या सालीवर भागवावे.

आणखी एक सूचना, आणि आमच्या मते या लेखातली ती सर्वांत कामाची. दुकानातली पिठीसाखर पेसाखला डोळे मिटून घेऊ नये. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तीत बहुधा स्टार्च घातलेला असतो. तो टॅपिओकाचा असेल, मक्याचा असेल, क्वचित गव्हाचाही असेल. गव्हाचा असला तर सगळी मेहनत वाया गेली. साधी दाणेदार साखर घरी दळावी. तयार बदामपूड घ्यावयाची झाल्यास बंद पाकिटातली, निव्वळ बदामाची घ्यावी. सुट्या मालाच्या पेटाऱ्यातली घेऊ नये, कारण तोच डाव आधी कोणत्या पिठात बुडाला होता ते सांगता येत नाही. भाजण्यापूर्वी ओव्हन व ट्रे पेसाखसाठी शुद्ध केलेले असावेत, हे सांगणे न लगे.

हे सारे इतक्या बारकाईने लिहिण्यास एक कारण आहे. पेसाखला आपल्या घरी तांदूळ शिजतो, इटलीच्या जुन्या यहुद्यांच्या पुष्कळ घरीही शिजतो. परंतु ऑकलंडमधील ज्या अश्कनाझी रिवाजाच्या कुटुंबांशी आपला नित्य संबंध येतो, त्यांच्याकडे तांदूळ, डाळी, मका हे ‘कित्नियोथ’ म्हणून सणात वर्ज्य. त्यामुळे सेदेरचे आमंत्रण आले की आपल्या गृहिणीला प्रश्न पडतो. आपण काय घेऊन जावे? पुलाव नेता येत नाही, तांदळाच्या पिठाचे काही नेता येत नाही. रिकाम्या हाताने जाणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि नेलेले ताट कोपऱ्यात झाकलेले राहिले तर मनास लागते. आपला रिवाज कमी शुद्ध आहे असे कोणी बोलून दाखवीत नाही. पण झाकलेले ताट बोलते. आपल्या समाजाने यहुदीपणाबद्दलचे प्रश्न पुष्कळ ऐकले आहेत, तेव्हा या विषयात आपण थोडे हळवे आहोत, हे मान्य करावे. ही बदामी बिस्किटे मात्र कोणत्याही रिवाजाच्या मेजावर चालतात. मात्र ती शुद्ध भांड्यांत केलेली असावीत, आणि यजमानांच्या घरी बाहेरचे शिजविलेले चालते काय, हे आधी विचारलेले असावे. अश्कनाझी आजीबाई त्यांस आपले पेसाखचे मॅकरून म्हणून ओळखतात, आणि लगेच खोबऱ्याचे प्रमाण विचारतात. आपला भात आपल्या घरी सन्मानाने शिजो. तो सोडावा असे आम्ही चुकूनही सुचवीत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की, हा परक्यांचा पदार्थ, आपला नव्हे. त्यांस आमचा सविनय प्रश्न असा की, पाव तरी कोणाचा होता? शब्द पोर्तुगिजांचा, भट्टी इराण्याची, आणि न्याहारी आपली.

राहता राहिले साठवण. ऑकलंडची हवा कोकणच्या पावसाळ्याची आठवण करून देते. साखर हवेतले पाणी ओढते आणि उघडे राहिलेले बिस्कीट दुसऱ्या दिवशी सादळते. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवावे. आठवडा सहज टिकते. सादळलेच तर मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटे पुन्हा भाजावे, म्हणजे ते ‘दोनदा भाजलेले’ या नावासही पात्र होईल. उरलेले दोन पिवळे बलक टाकू नयेत. उकडलेल्या बटाट्यात हळद, मिरची, कोथिंबीर घालून त्यात ते कालवावेत आणि चपट्या पॅटिस तव्यावर तळाव्यात. पावाचा चुरा न लावताही त्या फुटत नाहीत.